निकाल लागला, पैसे कुठं आहेत?

२०० रुपये. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोच्या, बापाने मुलाच्या, आजोबांनी नातवाच्या नावावर बक्षीसपत्राने करायची, तर मुद्रांक शुल्क एवढंच. अधिभार, नोंदणी आणि टायपिंगचा खर्च वेगळा. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, अनेक घरांतल्या वाटण्या तिच्यामुळे सुरळीत झाल्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. तासगाव तालुक्यातला एखादा द्राक्ष बागायतदार तीन लाखांच्या थकीत पैशांसाठी व्यापाऱ्यावर दावा लावतो. त्या व्यापाऱ्याला समन्स मिळतं. समन्स मिळाल्यावर हे २०० रुपयांचं काम तो एका दुपारी उरकू शकतो. दाव्याला वर्षं लागतात. आणि मधल्या काळात आपला कायदा त्याला जवळजवळ काहीही विचारत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत वकिली करते. माझ्याकडे येणारी कामं छोटी: द्राक्षाचे पैसे, बेदाण्याचे, हळदीचे, ट्रॅक्टरच्या भाड्याचे, सेंट्रिंगच्या मजुरीचे. साताऱ्याकडचेही पक्षकार येतात, कराड-कोरेगाव भागातले. त्यांचं आल्याचं बिल अडकलेलं असतं. रक्कम साधारण एक ते पाच लाख. मोठे वकील अशा कामाला 'किरकोळ वसुली' म्हणतात. ज्याची एक एकर बाग आहे, त्याच्यासाठी त्या किरकोळीत पुढच्या छाटणीची मजुरी, औषधाच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचा हप्ता एवढं सगळं बसलेलं असतं.

शहरात वाढलेल्यांसाठी हा व्यवहार कसा होतो ते थोडक्यात सांगते. सौदा बागेतच होतो. चार किलोच्या पेटीला भाव ठरतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख किंवा फोनवरून लगेच. दुसऱ्या गाडीचे अर्धे. तिसऱ्या गाडीचे 'दोन दिवसांत टाकतो'. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे बांधावरच्या सौद्यात व्यापाऱ्याने कुणाकडे काही हमी ठेवलेली असेलच असं नाही. हंगाम संपत आला की बातमी येते: अमुक गावातल्या शेतकऱ्यांचे लाखो रुपये घेऊन व्यापारी पसार. ही बातमी आमच्याकडे अवकाळीच्या बातमीसारखी झाली आहे. वाचतात, हळहळतात, पान उलटतात.

पण पसार होणारा व्यापारी निदान बातमीत तरी येतो. मला राग येतो तो पसार न होणाऱ्याचा. तो इथंच असतो. लग्नात भेटतो, 'राम राम' घालतो. पैसे मात्र देत नाही. पोलिसांत गेलं तर 'हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा' म्हणतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. म्हणून लोक कोर्टात येतात.

एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असं सगळं गाळून. येणं ३ लाख ४० हजार. व्यापारी जवळच्याच शहरातला. त्याचं दुमजली घर, एक मोकळा प्लॉट, एक पिकअप. आम्ही दावा लावला. पहिलं समन्स 'घरी मिळून आले नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. दुसरं लागू झालं. कैफियत द्यायला मुदत, मग आणखी मुदत. तेवढ्यात प्लॉट मेहुण्याच्या नावावर गेला, घर मुलाच्या, आणि पिकअप दिसेनाशी झाली. निकाल आमच्या बाजूने लागला, व्याजासकट आणि खर्चासकट. दरखास्त लावली. बेलिफ गेला आणि परत आला, कारण प्रतिवादीच्या नावावर जप्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पक्षकार साठीचे आहेत, मी त्यांना तात्या म्हणते. ते मला म्हणाले, "ताई, निकाल आपल्याकडनं लागलाय न्हवं? मग पैसं कुठं हाईत?"

याचं कायदेशीर उत्तर असं आहे: तात्या, पैसे निकालाच्या आधी अडवून ठेवायचे असतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्यात ऑर्डर ३८ रूल ५ आहे, निकालापूर्वीच्या जप्तीचा. हुकूमनाम्याची अंमलबजावणी हाणून पाडायच्या किंवा लांबवायच्या हेतूने प्रतिवादी आपली मालमत्ता विकून टाकायच्या बेतात आहे, किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर नेणार आहे, असं कोर्टाला पटलं, तर कोर्ट त्याला सांगू शकतं की तारण दे किंवा का देणार नाहीस ते सांग. तारण दिलं नाही, कारणही पटलं नाही, तर दाव्याच्या रकमेपुरती मालमत्ता जप्त होते. इथं जप्ती म्हणजे घराबाहेर काढणं नव्हे, लिलावही नव्हे. निकाल लागेपर्यंत ती वस्तू विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, एवढंच. जप्तीनंतर कुणी विकलीच, तर कलम ६४ नुसार ती विक्री जप्तीखालच्या येण्यापुरती रद्दबातल.

वाचायला छान आहे. आता तो 'हेतू' शब्द पाहा. प्रतिवादीच्या मनात काय आहे हे वादीने शपथेवर सांगायचं, आणि नुसतं 'मला भीती वाटते' म्हणून चालत नाही. कोणती मालमत्ता, कुणाला, कधी, हे ठोस द्यायचं. तात्यांनी हे कुठून आणायचं? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतात, 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा फोनवर दिसतात. पण दस्त दिसतो तो नोंदल्यानंतर. फेरफाराची नोटीस दिसते तीही दस्त झाल्यावर. म्हणजे पुरावा हाती येतो तेव्हा मालमत्ता हातची गेलेली असते, आणि मालमत्ता जागेवर असते तेव्हा पुरावा नसतो. गाव चावडीत जाऊन हरकत घेतली तर उत्तर मिळतं, तुमचा या जमिनीत काय हक्क? हक्क काहीच नाही. नुसतं येणं आहे.

गेलेल्या मालमत्तेमागे धावायला वाट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनकोंना बुडवण्यासाठी केलेला व्यवहार रद्द करून मागता येतो. त्यासाठी नव्याने झगडायचं, मेहुण्याचा 'हेतू' सिद्ध करायचा. कलम ५२ दावा चालू असतानाच्या विक्रीवर चाप लावतं, पण दावा त्या जमिनीच्याच हक्काबद्दल असला तर. तात्यांचा दावा पैशाचा. त्यांना त्या कलमाचा उपयोग शून्य.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये 'रमण टेक' प्रकरणात सांगितलं की रूल ५ हा कठोर, असाधारण अधिकार आहे, तो सरसकट वापरू नये, आणि विनातारण येणं त्याच्या आडून सतारण करून घेऊ नये. रूल ५ च्या अर्जाला विरोध करताना प्रत्येक वकील हा निवाडा जोडतो. मी प्रतिवादीकडून उभी असते तेव्हा मीसुद्धा जोडते. त्यातला मुद्दा खोटा नाही: उगाच दावा ठोकून एखाद्याचं चालतं दुकान गोठवणं हे दबावाचं हत्यार होऊ शकतं. पण 'विनातारण येणं' या शब्दांत एक गृहीतक दडलेलं आहे. जणू धनकोने विचारपूर्वक, तारण न घेता पैसे द्यायचं ठरवलं. आता त्याने जोखीम सोसावी. बँकेबाबत हे ठीक. पिकलेलं द्राक्ष विकणाऱ्याला ही निवड होती कधी? वर ढग आलेले, घडात साखर उतरलेली, आणि दारात एकच गाडी. अशा वेळी कोण म्हणणार की आधी प्लॉटचा उतारा दाखवा, मग पेट्या भरा?

आणखी एक नियम आहे, रूल १३. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. लघुवाद न्यायालयाला, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांसाठीच असलेल्या कोर्टाला, निकालापूर्वी स्थावर मालमत्ता जप्त करता येणार नाही. प्रतिवादीच्या नावावर प्लॉट आहे, फ्लॅट आहे, गाळा आहे. येणं छोटं म्हणून या कोर्टाने त्याकडे बघायचं नाही. आमच्या भागात पैशाचे बहुतेक दावे कनिष्ठ स्तर न्यायाधीशांसमोर नियमित दिवाणी दावे म्हणून चालतात, तेव्हा हा नियम दर वेळी आडवा येत नाही. पण दावा लघुवादाच्या अधिकारात चालला, की आलाच. सव्वाशे वर्षांपूर्वी यामागे कारण असेल: छोट्या देण्यासाठी कुणाची जमीन अडकू नये. आज माणसाची संपत्ती असते कुठं? शेळ्या-भांड्यांत नाही. ती सात-बाऱ्यावर आणि प्रॉपर्टी कार्डावर असते. बँकेतली रक्कम तर समन्सच्या दिवशी एका बोटाने दुसऱ्या खात्यात जाते.

आता याच गावात, याच पाण्यावर दुसरं पीक घ्या. ऊस. कारखान्याने १४ दिवसांत एफआरपी द्यायची, उशिराला वर्षाला १५ टक्के व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात हे लिहिलेलं आहे. नाही दिली तर साखर आयुक्त आरआरसी काढतात आणि जिल्हाधिकारी कारखान्याची मालमत्ता जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीला घेऊ शकतात. वसुली दर वेळी होते असं मी म्हणत नाही; त्यासाठी आमच्याकडे आंदोलनं झाली, गाड्या अडल्या. पण कागद तरी आहे. शेतकऱ्याला दावा लावावा लागत नाही. त्याच गट नंबरात शेजारच्या एकरात द्राक्ष असेल, तर तोच शेतकरी एकटा. उसामागे राजकारण उभं राहिलं म्हणून उसाला कायदा मिळाला. द्राक्षाला मिळालं ते पोलिसांचं आवाहन: व्यवहार करताना खबरदारी घ्या.

पतसंस्थेचं पाहा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तिला थेट वसुलीचा दाखला मिळतो, आणि कलम ९५ मध्ये निवाड्याआधीच्या जप्तीची सोयसुद्धा आहे. बँकेकडे २००२ चा सरफेसी कायदा: ६० दिवसांची नोटीस, मग तारण ताब्यात, दाव्याची गरज नाही. २०२० मध्ये घटनापीठाने तो सहकारी बँकांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा, ज्यात सरकार वित्तीय संस्थेची मालमत्ता खटल्याआधीच जप्त करतं. मुंबई उच्च न्यायालयाने तो एकदा घटनाबाह्य ठरवला होता, सर्वोच्च न्यायालयाने पुढे उचलून धरला. तेव्हा 'निकालाआधी हात घालणं म्हणजे अन्याय' हे तत्त्व आपल्याकडे मुळातच सर्वांना लागू नाही. मोठ्या येण्याला, संघटित येण्याला त्यातून सूट आहे. तत्त्व पाळायचं ते फक्त तात्यांनी.

चेक असेल तर? २०१८ पासून चेक न वटल्याच्या खटल्यात कलम १४३अ खाली कोर्ट आरोपीला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. सक्ती नाही, कोर्टाच्या मर्जीवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तरी काहीतरी आहे. म्हणून प्रत्येक पक्षकार विचारतो, 'फौजदारीत बसवता येतंय का बघा.' नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता तपासातच जप्त करायची सोय दिल्यावर हा आग्रह वाढणारच. साध्या पैशाच्या भांडणाला फसवणुकीचे रंग देऊन एफआयआर करायचा, ही सवय वाईट आहे. कोर्टं त्यावर ताशेरे मारतात. ताशेरे मारणाऱ्यांनी हेही पाहावं, की लोक दिवाणी कोर्ट का सोडतात. तिथं पैसा पळताना कुणी अडवत नाही म्हणून.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मी गंभीरपणे घेते, कारण तो आमच्याच मातीतला आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि खतं-रोखे पेटवले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोक कागदांवर तुटून पडले, कारण त्या कागदांच्या जोरावर सावकार कोर्टातून हुकूमनामा आणायचा, जमीन लिलावात घ्यायचा, कुणब्याला दिवाणी तुरुंगात धाडायचा. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो चार जिल्ह्यांना लागू होता: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुकेही होते. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि पुढे त्यालाच सांगली नाव मिळालं. म्हणजे आज मी ज्या कोर्टांत उभी राहते, तिथल्या शेतकऱ्यांसाठीच तो कायदा होता. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं. खास गहाण दिलेली नसेल तर शेतजमीन जप्त करून विकायला मनाई केली.

आजच्या संहितेतही ती काळजी आहे. कलम ६० वाचा: कपडे, भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, राहतं घर, आणि धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचा नाही तो दागिना. हे जप्त होत नाही. ऑर्डर ३८ मध्ये रूल १२ आहे: शेतकऱ्याच्या ताब्यातला शेतमाल निकालाआधी जप्त करता येणार नाही. हे नियम मला प्रिय आहेत. यातला एकही शब्द काढू नये.

तर आक्षेप असा: निकालापूर्वीची जप्ती सोपी केली, की पहिला फायदा तात्या घेणार नाहीत. खासगी सावकार घेईल, फायनान्स कंपनी घेईल, मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला घेईल. त्यांच्याकडे तयार वकील असतात. ज्या बाईने गटातून ४० हजार घेतले तिचं खातं गोठेल. १८७५ च्या आधी जे झालं तेच पुन्हा, फक्त यूपीआयच्या वेगाने.

आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याचं उत्तर त्या १८७९ च्या कायद्यात शोधावं असं मला वाटतं. त्या कायद्याने न्यायाधीशाला एक वेगळी गोष्ट करायला लावली: रोख्यावरच्या आकड्यावर थांबू नकोस, त्याच्या मागे जा, मूळ व्यवहार काय होता, मुद्दल किती, व्याज किती, हे पहिल्यापासून तपास. म्हणजे सगळी येणी सारखी नसतात, हे कायद्याने या जिल्ह्यात एकदा मान्य केलेलं आहे. व्याजावर दिलेला पैसा वेगळा आणि विकलेल्या मालाचा, केलेल्या कामाचा पैसा वेगळा. पहिल्यात धनको जोखमीची किंमत व्याजातून आधीच वसूल करतो. दुसऱ्यात जोखमीची किंमत कुणी दिलेलीच नसते. म्हणून निकालाआधीचं सोपं संरक्षण सावकारीच्या, कर्जाच्या, फायनान्सच्या दाव्यांना अजिबात देऊ नका. स्वतःचा शेतमाल विकणारा, स्वतःची मजुरी मागणारा, छोटा कारागीर, यांनाच द्या, ठरावीक रकमेपर्यंत. खोटा दावा लावणाऱ्यासाठी कलम ९५ आहेच: अपुऱ्या कारणाने जप्ती घेतली तर ५० हजारांपर्यंत भरपाई. ते वापरा.

मुळात घोटाळा असा झाला आहे, की पाटी बदलली आणि कायद्याला पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकात साताऱ्याचा शेतकरी कोर्टात यायचा तो प्रतिवादी म्हणून. त्याचं रक्षण म्हणजे जप्ती अडवणं. आज द्राक्ष, बेदाणा, आलं, हळद पिकवणारा शेतकरी कोर्टात येतो तो वादी म्हणून. कारण आता उधार देणारा तोच आहे! पंधरा दिवस, महिनाभर व्यापाऱ्याला बिनव्याजी भांडवल तो पुरवतो. कायदा अजून प्रतिवादीच्या दारात राखण करत बसला आहे, आणि त्या दारामागे आता कुणबी नाही, दुमजली घर आहे.

बाहेरच्या देशांत हे सुटलेलं आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १९७५ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने प्रतिवादीची मालमत्ता गोठवायचा 'मरेव्हा' आदेश रूढ केला, पण तो मोठ्या पैशांचा खेळ राहिला. युरोपीय संघाने २०१७ पासून सीमेपलीकडच्या येण्यांसाठी ऋणकोला न कळवता त्याचं बँक खाते गोठवायची सोय केली. हातात निकाल नसेल तर अर्ज करणाऱ्याने आधी स्वतः हमी ठेवायची. ही शेवटची अट घेण्यासारखी आहे. तात्या जामीनदार नक्की आणतील. गावात तेवढी पत असते.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. जे मी मागते आहे त्यातलं निम्मं सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालेलं आहे. २२ एप्रिल २०२१, राहुल शहा विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी, तीन न्यायमूर्तींचं पीठ. पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्यापूर्वीच प्रतिवादीला त्याच्यावरच्या दाव्याच्या रकमेपुरती मालमत्ता शपथेवर जाहीर करायला सांगता येईल. योग्य प्रकरणात दावा चालू असताना कोणत्याही टप्प्यावर कलम १५१ चे अधिकार वापरून कोर्ट तारण मागू शकेल. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा. उच्च न्यायालयांनी वर्षभरात आपले नियम त्याप्रमाणे सुधारावेत.

लक्षात घ्या, इथं 'हेतू' सिद्ध करायची अट नाही. नुसतं सांग बाबा, तुझ्याकडे काय आहे. घर सांगितलं आणि मग पोराच्या नावावर केलं, तर पळवापळवीचा पुरावा प्रतिवादीने स्वतःच्या सहीने दिलेला असेल. घर लपवलं तर खोटं शपथपत्र. एका कागदाने रूल ५ चं कुलूप उघडतं. आणि कुणाचं खातं गोठत नाही, दुकान बंद पडत नाही, 'रमण टेक'ची काळजीही राहत नाही.

माझ्या भोवतीच्या कोर्टांत हा कागद मागितलेला मी अगदी क्वचित पाहते. वकील अर्ज देत नाहीत, कारण 'साहेब करणार नाहीत'. साहेब करत नाहीत, कारण कुणी अर्ज देत नाही. मधल्या मध्ये प्रतिवादी उपनिबंधक कार्यालयाच्या पायऱ्या चढतो. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षांनंतर, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या प्रलंबित दरखास्ती मोजायला लावल्या, तेव्हा आकडा आला ८ लाख ८२ हजारांहून जास्त. सर्वाधिक महाराष्ट्रात, ३ लाख ४१ हजारांच्या आसपास. यातला प्रत्येकजण दावा जिंकलेला आहे.

तेव्हा मला हवं आहे ते असं. पाच लाखांपर्यंतच्या शेतमालाच्या आणि मजुरीच्या दाव्यांत मालमत्तेचं शपथपत्र कैफियतीबरोबरच यावं, नाहीतर कैफियत घेऊ नये. 'करता येईल'चं 'करावं' करा. दावा दाखल होताच, वादीने रकमेच्या काही हिश्श्याची हमी ठेवली तर, प्रतिवादीच्या शेतीबाहेरच्या स्थावर मालमत्तेवर दाव्याच्या रकमेपुरती नोंद व्हावी. विकायची तर विका, पण तेवढे पैसे कोर्टात भरून. बक्षीसपत्र नोंदवताना देणाऱ्याने लिहून द्यावं, माझ्यावर पैशाचा दावा चालू आहे की नाही. २०० रुपयांत सवलत घेता, तर एक ओळ खरी लिहा. रूल १३ खोडून टाका. आणि जप्तीची दवंडी, जी नियमात अजूनही ढोल वाजवून द्यायची आहे, ती वाजवायची वेळ येण्याआधीच सात-बाऱ्यावर दिसू द्या.

यात क्रांतिकारक काही नाही. बाजाराला हे कायद्याआधी कळलेलं आहे. सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या तोंडावर सौदे बंद ठेवून 'शून्य पेमेंट' करायची रीत आहे: आधीची देणी फिटली की मगच नवे सौदे. कुरबुरी तिथंही होतात, मुदती तिथंही हुकतात. पण नवा माल हवा असेल तर जुनं देणं आधी, हा दाब तिथं खरा आहे. बांधावरच्या द्राक्षाला तो दाब कोर्टाने पुरवायला हवा, दुसरं कुणी नाही.

तुमच्या घरी असा दावा लावायची वेळ आली, तर तोवर फोनमधलं काही पुसू नका: पेट्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो, वजनकाट्याच्या पावत्या, 'दोन दिवसांत टाकतो'चे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, गाडीचा नंबर. व्यापाऱ्याच्या घराचा, प्लॉटचा उतारा दावा लावायच्या आधी काढून ठेवा, नंतर नाही. मालमत्ता जिल्ह्याबाहेर असली तरी कलम १३६ खाली तिथल्या जिल्हा न्यायालयामार्फत जप्ती होते, त्यामुळे 'तो तिकडचा आहे' एवढ्यावर गप्प बसू नका. दाव्याबरोबरच मालमत्तेच्या शपथपत्राचा आणि तारणाचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा. 'असं काही नसतं' म्हणाले तर २२ एप्रिल २०२१ ही तारीख सांगा. अर्ज एका पानाचा होतो, आणि तालुका कोर्टात तो मराठीत लिहिला तरी चालतो.